चार सिलिंडरला दोन टर्बो

गुफरानला नडलं ते त्याचं तोंड. हात कधी नडले नाहीत, असं तो छातीवर हात ठेवून सांगतो आणि लगेच म्हणतो, "म्हणजे तेही नडले, पण तोंडाच्या मागून."

अक्कलकोट रोडला, एमआयडीसीत शिरता शिरता त्याचं टर्बो दुरुस्तीचं दुकान आहे. ट्रकचे, जीपचे, उसाच्या ट्रॅक्टरचे टर्बो त्याच्याकडे येतात. टर्बो म्हणजे काय, असं कुणी विचारलं की तो हातातलं काम खाली ठेवतो. "इंजिन श्वास सोडतं की नाही? तो वाया घालवायचा नाही. त्याच्या जोरावर एक पंखा फिरवायचा, त्याच दांडीवर दुसरा पंखा, आणि त्यानं बाहेरची हवा इंजिनात कोंबायची. जास्त हवा, जास्त ताकद." ज्यांनी विचारलेलं नसतं त्यांनाही तो हे सांगतो. दुकानाच्या भिंतीवर त्यानं पेंटरकडून लाल रंगात मोठ्ठं लिहून घेतलंय, 'तेलाचा रिटर्न पाइप कायम उताराला ठेवा.' गिऱ्हाइकं तेवढं विसरतात आणि टर्बो धूर सोडायला लागतो, अशी त्याची जन्माची तक्रार.

एका दुपारी शाळेपासूनचा दोस्त संघपाल दुकानात आला. संघपाल आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा निदेशक. दोघं समोरच्या टपरीवर चहा घेत होते आणि गोष्ट निघाली दोन-दोन टर्बोच्या परदेशी गाड्यांची. संघपाल म्हणाला, "सहा-आठ सिलिंडरला ठीक आहे. आपल्या चार सिलिंडरच्या बारक्या पेट्रोल इंजिनाला एकच बास की. दोन लावायला जागा पण न्हाई अन् अर्थ पण न्हाई."

इथं कुठल्याही शहाण्या माणसानं मान हलवून चहा संपवला असता. गुफरान म्हणाला, "जागा न्हाई म्हणजे? मी लावून दाखवतो."

टपरीवर चारदोन ड्रायव्हर होते. सोलापुरात बातमीला टर्बो लागत नाही. संध्याकाळी तो भवानी पेठेतल्या घरी पोचला, तर दारातल्या बाजेवर बसलेल्या त्याच्या वडिलांनी, हुसेनसाबनी, मान वर न करता विचारलं, "दोन लावतोयस म्हणे?"

हुसेनसाब जन्मभर ट्रक चालवत आले. चादरींचे गठ्ठे घेऊन हैदराबाद, बेळगाव, हुबळी. मालकानं ट्रक विकून टाकले तेव्हापासून ते त्या बाजेवर होते. आजारी नव्हते, कुणावर रागावलेलेही नव्हते, पण दिवसाकाठी त्यांची दोन-तीन वाक्यं व्हायची. त्यातलं एक त्या दिवशी असं खर्ची पडलं.

"कुठल्या गाडीला लावणार?" आतून झीनतनं विचारलं.

"आपल्या."

"आपल्या म्हणजे माझ्या," झीनत म्हणाली.

ते खरं होतं. झीनत घरात मशिनी टाकून टॉवेलच्या कडा शिवून द्यायची, हाताखाली गल्लीतल्या बायका होत्या, आणि जुनी पांढरी पेट्रोल गाडी घेतली होती ती तिचे गठ्ठे न्यायला. गुफरान फक्त चालवायचा. तरी त्यानं तिला समजावलं, की थोड्या दिवसांचा प्रश्न आहे, तोवर रिक्षा आहेच. झीनत सुई ओवता ओवता म्हणाली, "थोडे दिवस म्हणजे तुमचे की कॅलेंडरचे?"

तर गुफरान कामाला लागला. छोट्या डिझेल गाड्यांचे दोन टर्बो त्याच्याकडे भंगारातून आलेले होते. ते त्यानं असे काही नवे केले की त्याचं त्यालाच बघत बसावंसं वाटे. खरी गोम होती ती इंजिनातला धूर टर्बोपर्यंत नेणाऱ्या पाइपांची, म्हणजे मॅनिफोल्डची. ते बाजारात तयार मिळणं शक्य नव्हतं, कारण असा वेडेपणा दुसऱ्या कुणी मागितला नव्हता. मग त्याला एक बंद पडलेलं डायिंग आठवलं. सूत रंगवायला तिथं वाफ खेळवायचे, तिचे जाड लोखंडी बेंड कोपऱ्यात पडून होते. ते घेऊन तो शरणप्पाकडं गेला.

शरणप्पा वेल्डर अक्कलकोटकडचा. घरात कानडी, दुकानात मराठी, आणि राग आला की दोन्ही एकदम. त्यानं बेंड हातात फिरवून बघितले. "हे वाफंचं हाय, गुफरानभाई. धुराला चालतंय व्हय?"

"आग लागली तरी चालतंय."

"आग कुटं लावणार हाय, तेवढं आधी सांगा की ओ."

आता चार सिलिंडरचा धूर दोन टर्बोंत वाटायचा कसा? गुफरानचा हिशोब सरळ होता. डावीकडचे दोन डाव्या टर्बोला, उजवीकडचे दोन उजव्याला. भावाभावांत शेत वाटतात तसं. संघपाल बघायला आला आणि म्हणाला, "गुफ्या, इंजिन एक-तीन-चार-दोन असं पेटतंय. तुझ्या वाटणीत एका टर्बोला दोन धक्के लागोपाठ बसतील, मग मोठी सुट्टी. एक अन् चार जोड, दोन अन् तीन जोड. म्हणजे आळीपाळीनं बसतील."

गुफरानला हे माहीत होतं. निदान एके काळी माहीत होतं. पण पाइप टाके मारून तयार होते आणि ते फार देखणे दिसत होते. तो म्हणाला, "मास्तरकी आयटीआयमध्ये कर."

गाडी चालू केली तेव्हा म्हातारी म्हैस शिंकावी तसा आवाज आला. गुफरान म्हणाला, गरम झाली की बसेल. गरम झाली, तेव्हा म्हैस खोकायला पण लागली. दुसऱ्या दिवशी तो मॅनिफोल्ड पोत्यात घालून गुपचूप शरणप्पाकडं गेला.

"जरा डिझाइन बदललंय."

"डिझाइन बदललं का चूक घावली?"

"दोन्ही."

"मग तसं बोला की," म्हणत शरणप्पानं ग्राइंडर उचललं.

नव्या वाटणीत पाइप एकमेकांत साप गुंतावेत तसे गुंतले. त्या गर्दीत एका टर्बोला जागा मिळाली, दुसऱ्याला उरली ती पार खाली, इंजिनाचं तेल साठतं त्या चेंबरच्या शेजारी. गुफराननं तो तिथं टांगला, पाइप जोडले, गाडी चालू केली. आवाज असा गोड आला की त्यानं दुकानच बंद केलं. सकाळची वेळ होती. घरच्यांना दाखवावं म्हणून तो गाडी घेऊन थेट भवानी पेठेत निघाला.

गल्लीच्या तोंडाशी त्याला आरशात मागचं दिसेना. त्याला वाटलं, काच घाण झाली असेल. मग लोकांनी खिडक्या लावून घ्यायला सुरुवात केली. पाण्याच्या घागरींवर ताटल्या पडल्या. गल्लीतली सगळी पोरं आरडाओरडा करत गाडीमागं पळायला लागली. तरी गुफरानच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. त्याला वाटलं, आपल्याच कौतुकानं पळताहेत. मग कोपऱ्यावरच्या केराबाईंनी पदर नाकाला लावून हाक मारली, "अहो, डासाच्या औषधाची गाडी ना? आमच्या मोरीत पण मारा की! लई झालेत."

तेव्हा त्यानं मागं वळून बघितलं. गल्ली नव्हती. पांढरा-निळा ढग होता आणि त्यात पोरं होती.

अशा वेळी खरं सांगायला हिंमत लागते. गुफरान म्हणाला, "उद्या मारतो, मावशी."

ढग वाऱ्यासोबत त्याच्या घराकडं सरकला. दारात झीनतचे टॉवेल होते, धुतलेले, पांढरेशुभ्र, दोरीवर ओळीनं. झीनत बाहेर आली. टॉवेलकडं बघितलं, गाडीकडं बघितलं, नवऱ्याकडं बघायचं तिनं टाळलं. हुसेनसाब बाजेवर खोकत होते. खोकला थांबल्यावर त्यांनी विचारलं, "तुझ्या दुकानाच्या भिंतीवर काय लिहिलंय रे?"

गुफरान वाकला आणि गाडीखाली बघितलं. खाली टांगलेल्या त्या टर्बोचा रिटर्न पाइप उताराला नव्हताच. चढाला होता. तेल परत जायला वाट नव्हती म्हणून ते धुराच्या नळीत शिरून जळत होतं. गावभर जी अक्कल तो वाटत हिंडला, ती स्वतःपुरती शिल्लक राहिली नव्हती.

त्या दिवशी टॉवेल त्यानंच धुतले. झीनत मशिनीवरून एवढंच म्हणाली, "नीळ बेतानं घाला."

मग पुन्हा शरणप्पा, पुन्हा ग्राइंडर. टर्बो वर उचलला, बॅटरी डिकीत हलवली, पाइपला उतार मिळाला. एका रविवारी गुफराननं संघपालला शेजारी बसवलं आणि गाडी शहराबाहेर मोकळ्या रस्त्यावर काढली. सुरुवातीला ती नेहमीसारखीच चालली. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा तीन हजारांच्या वर गेला आणि बॉनेटखालून बारीक शीळ आली, आधी एक, मग दुसरी. आणि कुणीतरी मागून ढकलावं तशी गाडी सुटली. दोघांच्या पाठी सीटला चिकटल्या. संघपालनं वरचं हँडल पकडलं. "बास, बास, आरं बास!"

"मान आता."

"मानलं. आता गुमान चालव. हवेचा दाब आहे तेवढाच ठेव, वाढवू नको. गॅस्केट जुनी आहे तुझी."

एवढ्यावर गोष्ट संपली असती, तर गुफरान सुखी झाला असता. पण झीनतच्या भाचीची मंगनी वैरागला ठरली, आणि सासुरवाडीचे सगळे तिथं जमणार होते. सासुरवाडीत गुफरानची ओळख 'पंखे दुरुस्त करणारा' अशी होती. ती एकदा बदलून घ्यावी, असं त्याला वाटलं. जादा दाब सोडून देणारी एक झडप टर्बोला असते, दाब वाढावा म्हणून तिची दांडी त्यानं जायच्या सकाळी थोडी आवळली. मग दुसऱ्या टर्बोला वाईट वाटू नये म्हणून त्याचीही आवळली.

हुसेनसाब इस्त्रीचा सदरा आणि टोपी घालून पुढं बसले. झीनत मागं, मांडीवर मिठाईचे डबे. वडाळ्यापर्यंत सगळं ठीक होतं. वडाळा सोडल्यावर एक मोठी नवीकोरी गाडी हॉर्न वाजवत पुढं गेली. गुफराननं पाय दाबला. शिळा वाजल्या, ज्वारीची रानं मागं पळायला लागली, आणि ती नवीकोरी गाडी क्षणात आरशात गेली. "बघितलंत अब्बा?" तो ओरडला.

हुसेनसाबनी मान तिरकी केली होती. ते ऐकत होते. "डब्यात खडे हलवल्यासारखं वाजतंय. पाय काढ."

"ते तसंच असतं, अब्बा. दोन टर्बो आहेत."

"इंजिन ओरडतंय. पाय काढ, म्हणतो ना."

गुफराननं पाय काढला, पण आधी अजून एक जीप मागं टाकली. तेवढ्यात बॉनेटच्या फटींतून वाफ आली, तापमानाचा काटा लालमध्ये गेला आणि गाडी लंगडत, थरथरत रस्त्याच्या कडेला उभी राहिली. वैराग समोर दिसत होतं. इंजिन आणि त्याचं वरचं झाकण यांच्यामधली पातळ पट्टी, ती जुनी हेड गॅस्केट, उडाली होती. मागून ती नवीकोरी गाडी आली आणि हॉर्न वाजवून पुढं गेली. मग जीप.

शेवटी झीनत म्हणाली, "दोन्ही गेले, की एक आहे अजून?"

कडबा नेणारा एक ट्रॅक्टर थांबला. मालकाचं नाव बिरुदेव. त्यानं काही न विचारता दोर बांधला, कारण असल्या गोष्टी विचारायच्या नसतात. तशी ती गाडी वैरागमध्ये शिरली. पुढं ट्रॅक्टर, वर डोंगराएवढा कडबा, मागं दोराला पांढरी गाडी आणि तिच्यात टोपी घातलेले म्हातारबाबा ताठ बसलेले. मंगल कार्यालयाच्या दारात बँडवाले नवऱ्याकडच्यांची वाट बघत ताटकळले होते. त्यांना वाटलं, हल्ली लोक काहीतरी वेगळं करतात, हेही तसलंच. त्यांनी वाजवायला सुरुवात केली. मुलीचा काका हार घेऊन धावला आणि पहिली काच उघडी दिसली तिथं हार घालून मोकळा झाला. हुसेनसाबनी तो हार काढला नाही. खाली उतरून त्यांनी सगळ्यांना सलाम केला आणि मानानं आत गेले.

गुफराननं मागं बघितलं. झीनत डबे पोटाशी धरून हसत होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आवाज न करता. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ती अशी हसते हे त्याला ठाऊक नव्हतं. थोडा वेळ तो गॅस्केट विसरला.

दिवसभर पाहुणे बॉनेट उघडून बघत होते. "जावईबापू, दोन कशाला लावले?" असं जो तो विचारी. गुफराननं पहिल्या दोघांना सगळं शास्त्र सांगितलं. तिसऱ्याला म्हणाला, "एक बंद पडला तर दुसरा असावा म्हणून." जेवणातला दालचा त्याला त्या दिवशी कसा लागला ते आठवत नाही, पण तीनदा वाढून घेतला होता, असं झीनत सांगते.

सोलापूरला परत आल्यावर त्यानं जाहीर केलं की दोन्ही टर्बो काढून टाकणार आणि गाडी होती तशी करणार. त्याला वाटलं, झीनत सुटकेचा श्वास सोडेल. ती म्हणाली, "काढू नका. हे काढलंत तर डोक्यात नवीन काहीतरी येईल. याचे प्रताप निदान आम्हाला माहीत झालेत."

मग त्यानं आयुष्यात पहिल्यांदा संघपालला फोन करून सांगितलं, "तू सांग, मी ऐकतो." मग संघपाल म्हणाला, "गुफरानच बोलतोय ना?" दोघांनी मिळून इंजिन उतरवलं, हेड घासून सपाट करून घेतलं, चांगली जाड गॅस्केट टाकली, झडपा सैल केल्या. गाडी आता बेताची पळत होती. पण पळत होती, धूर न सोडता, न ओरडता, आणि पुन्हा गठ्ठे वाहत होती.

एका शुक्रवारी नमाज पढून आल्यावर हुसेनसाब बाजेवर बसले नाहीत. गाडीजवळ गेले. चप्पल काढून बूट घालून आले होते. प्रत्येक चाकाला बुटाची टोच मारली, बॉनेट उघडून तेलाची काडी बघितली, गाडीला पुरी फेरी घातली. मग हात पुढं केला. "चावी दे."

गुफरान घुटमळला. पण मोतीबिंदू काढल्यापासून म्हाताऱ्याला त्याच्यापेक्षा लांबचं दिसत होतं, आणि लायसन त्यांनी हट्टानं रिन्यू करून ठेवलेलं होतं. त्यानं चावी दिली आणि शेजारी बसला.

ते अक्कलकोट रोडनं वळसंगच्या दिशेनं निघाले. रस्ता रुंद होता, गर्दी नव्हती. गुफरान मनातून फुलला होता. आज बापाला कळेल, पोरानं काय बनवलंय. हुसेनसाबनी पहिला गियर टाकला, दुसरा टाकला, इंजिन जरा कुठं आवाज चढवतंय तोच तिसरा, मग चौथा, आणि ट्रकसारखी गाडी संथ, एका लयीत सोडून दिली. काटा दोन हजारांच्या पुढं हलेना. शीळ नाही, काही नाही. एक स्कूटी पुढं गेली.

"अब्बा," गुफरान न राहवून म्हणाला, "जरा दाबा. तीन हजारांच्या वर गेलं की मग टर्बो उठतात."

"झोपलेत का ते?"

"म्हणजे… हो."

"मग झोपू दे की," हुसेनसाब म्हणाले.

थोड्या वेळानं म्हातारा आपणहून बोलायला लागला. इथं आधी एकेरी रस्ता होता. त्या वळणावर गठ्ठ्यांसकट ट्रक कलला होता, गावकऱ्यांनी रात्रभर चादरी राखल्या, एक पण कमी झाली नाही. पलीकडच्या विहिरीचं पाणी रेडिएटरला चांगलं, प्यायला खारट. असं ते बोलत राहिले, एका हातानं गियरच्या मुठीशी सहज खेळत. एवढी वाक्यं गुफराननं त्यांच्या तोंडून कित्येक वर्षांत ऐकली नव्हती. लहानपणी सुट्टीत एकदा त्यांनी त्याला ट्रकमधून हुबळीला नेलं होतं, तेव्हा ते असेच बोलत होते. तेव्हा त्याचे पाय खाली टेकत नव्हते.

वळसंगला दोघं चहाला उतरले. हुसेनसाबनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली आणि म्हणाले, "गाडी चांगली केलीस."

गुफराननं कप खाली ठेवला. त्यानं इकडंतिकडं बघितलं, टपरीवर कुणी ऐकतंय का ते. मग हळूच विचारलं, "काय आवडलं, अब्बा?"

हुसेनसाबनी विचार केला. "ब्रेक चांगले लागतात," ते म्हणाले.

आता दर शुक्रवारी ते दोघं जातात. कधी वळसंग, कधी त्याच्याही पुढं. गाडी म्हातारा चालवतो, गुफरान शेजारी बसतो. सुरुवातीला तो काट्यावर डोळा ठेवून असायचा, कधीतरी चढाला, कधीतरी ओव्हरटेकला, चुकून तरी काटा वर जाईल म्हणून. गेला नाही. अधूनमधून कुणी हौशी माणूस दुकानात येऊन विचारतो, आमच्या गाडीला असे दोन बसवून द्याल का? गुफरान त्याला खुर्ची देतो, चहा मागवतो आणि विचारतो, "आधी सांगा, घरी कोण कोण असतं?"